उस्तादांची एक फेरी

आमच्या शोरूममध्ये त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. मालक म्हणायचे, गाड्या धुणारे म्हणायचे, इंदौरहून येणारे कंपनीचे साहेबसुद्धा दुसऱ्या भेटीत म्हणायला लागले. मी मात्र ते नोकरीत होते तोवर त्यांना काकाच म्हणत राहिलो. ते मराठी, मी मराठी, म्हणून काका, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं कारण वेगळं होतं. त्या शोरूममध्ये गाड्यांमधलं सगळ्यात जास्त मला कळतं अशी माझी खात्री होती, आणि ज्या माणसाला समोरच्या गाडीची ताकद किती हे आकड्यात सांगता येत नाही त्याला उस्ताद म्हणायला माझी जीभ वळत नव्हती.

शोरूम उज्जैनला, इंदौर रोडवर. महागड्या आणि भन्नाट पळणाऱ्या एसयूव्ही आम्ही विकायचो. उज्जैनमध्ये असल्या गाड्या कोण घेतं, असं बाहेरचे लोक विचारतात. रस्ते रुंद झाले, जमिनींना भाव आले, पोहा मिलवाल्यांची दुसरी पिढी दुकानात बसायला लागली, आणि घेणारे निघाले. मी सेल्समध्ये होतो. उस्ताद टेस्ट ड्राइव्ह द्यायचे. साठीला टेकलेले, किडकिडीत, कपाळावर चंदनाचा टिळा आणि अंगात कंपनीचा काळा टी-शर्ट, तो त्यांना दोन मापं मोठा. आमच्याकडे यायच्या आधी अठ्ठावीस वर्षं त्यांनी एका धर्मादाय दवाखान्याची अ‍ॅम्ब्युलन्स चालवली होती. उज्जैन ते इंदौर आणि इंदौर ते उज्जैन.

गाडीत बसताना ते चपला काढायचे. घरात शिरताना काढतात तशा, दाराबाहेर, शेजारी शेजारी. मग गाडी निघून जायची आणि शोरूमच्या काचेसमोर त्या दोन झिजक्या चपला पडून राहायच्या. कंपनीचे साहेब येणार असले की त्या उचलून आत ठेवायचं काम माझ्याकडे आलं. कुणी सांगितलं नव्हतं, पण माझ्याशिवाय कुणाला त्यांची लाज वाटत नव्हती.

नवी गाडी आली की स्टिअरिंगला हात लावायच्या आधी ते मागच्या सीटवर जाऊन बसायचे. डोळे मिटायचे आणि मला म्हणायचे, "चल, नानाखेड्यापर्यंत घेऊन चल." मी चालवायचो, ते मागे झोपल्यासारखे. परत आल्यावर उतरून सांगायचे, "मागचं डावं जरा टणक आहे. बाकी पोरगी चांगली आहे." माझ्या चालवण्याबद्दल अक्षर नाही. एकदा न राहवून मी विचारलं, "काका, आणि मी कसा चालवतो?"

"तू?" त्यांनी विचार केला. "तू बरोबर चालवतोस."

ते 'बरोबर' मला तीन दिवस टोचत होतं.

मला काय येत होतं तेही सांगतो. मला फेऱ्यांच्या वेळा पाठ होत्या. जर्मनीतल्या जंगलात वीसेक किलोमीटरचा एक प्रसिद्ध ट्रॅक आहे. कोणत्या कंपनीच्या एसयूव्हीनं तो किती मिनिटांत, किती सेकंदांत, सेकंदाच्या कितव्या भागात पुरा केला, तिच्याआधी रेकॉर्ड कुणाचं होतं, ते किती महिने टिकलं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. फ्रीगंजमध्ये टावर चौकापाशी आमचं दोन खोल्यांचं घर. शाळेपासून मी तिथे बसून हेच वाचत आलो. बाबा बँकेत होते. ते म्हणायचे, "एवढे पाढे पाठ केले असतेस तर."

उस्तादांनी माझं नाव 'सेकंदवाले' ठेवलं. "अहो सेकंदवाले, जरा चावी द्या." सगळ्यांसमोर.

एकदा चहाच्या वेळी मी त्यांना धरलंच. म्हटलं, "कंपन्या एवढा खर्च करून रेकॉर्ड करतात, त्या काय वेड्या आहेत?"

"वेड्या नाहीत. म्हणून तर तुझ्यासारखे ठेवतात."

"थट्टा सोडा, काका. सव्वादोन टनांची गाडी त्या डोंगरात आठ मिनिटांच्या आत फिरून येते. ब्रेक तापून दगा देत नाहीत, इंजिन उकळत नाही, वळणाला गाडी कलंडत नाही. यातून काहीच सिद्ध होत नाही?"

ते खरंच विचारात पडले. हीच त्यांची वाईट खोड होती, समोरच्याचं खरं असेल तर ते मान्य करायचे आणि मग त्यांच्यावर धड रागावताही यायचं नाही. "ब्रेकचं मान्य," ते म्हणाले. "शंभर टक्के मान्य. पण टायर त्या कामाचे खास. रस्ता बंद केलेला. चालवणारा जन्मभर तेच करणारा. आणि मागे कोणी बसलेलं नाही. पंगत दुसऱ्यानं जेवली, सेकंदवाले, आणि ढेकर तू देऊन राहिलास."

चहा पिणारे सगळे हसले. चहावालासुद्धा.

त्याच वर्षी आमच्याकडे ती नारिंगी गाडी आली. जर्मनीच्या त्या ट्रॅकवर ज्या मॉडेलनं रेकॉर्ड केलं होतं त्याची खास आवृत्ती. बसकी, रुंद पण पातळ टायरांची, दार उघडलं की पाय ठेवायच्या पट्टीवर त्या ट्रॅकचा आकार कोरलेला. मालक मला म्हणाले, "ये तेरी है. तू निकाल दे इसको, फिर मैनेजर की कुर्सी की बात करते हैं."

आठवड्याभरात पोहा मिलवाले एक सेठ आले, बरोबर सेठाणी. सेठ म्हणाले, "अपने को तो सबसे तेज वाली चिए." माझ्यासाठी ही पर्वणीच. मी टॅबवर ट्रॅक दाखवला, प्रत्येक वळणाचं नाव सांगितलं, फेरीची वेळ सांगितली. सेठचे डोळे चमकत होते. सेठाणी खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, एक हात कमरेवर.

उस्ताद चावी घ्यायला आले आणि त्यांनी सेठला सोडून त्यांनाच विचारलं, "बहनजी, आप किधर बैठोगी?"

"पीछे. और किधर?"

"कमर में पट्टा है?"

"छे महीने से."

आम्ही चौघं निघालो. मी पुढे, उस्तादांच्या शेजारी. फ्रीगंजचा पूल ओलांडून जुन्या शहरात, तिथून राम घाटाच्या उतारापर्यंत आणि परत. नारिंगी गाडी त्यांनी इतकी अलगद चालवली की मलाही नवल वाटलं, तरी प्रत्येक गतिरोधकाला मागून सेठाणींचा श्वास ऐकू यायचा. परत येऊन उस्तादांनी त्याच गाडीचं साधं मॉडेल काढलं, उंच टायरांचं, आणि पुन्हा तोच रस्ता. या वेळी सेठाणी बहिणीच्या मुलीच्या लग्नाची गोष्ट सांगत होत्या. उतार आला, गेला, त्यांची गोष्ट मध्ये तुटली नाही.

"सेठजी," उस्ताद म्हणाले, "नारंगी वाली बहुत बढिया गाडी है. पर उसका टायर पापड है."

"पर उस्ताद, रेकार्ड तो उसी का है ना?"

"रेकार्ड उसका है. कमर इनकी है."

सेठ इतके हसले की त्यांना ठसका लागला. साधी गाडी त्याच दिवशी ठरली. पुढच्या चार महिन्यांत सेठाणींनी त्यांची बहीण, त्यांची शेजारीण आणि मिलशेजारचे एक डॉक्टर आमच्याकडे पाठवले. तिघांनीही आत येऊन एकच विचारलं, "वो चप्पल उतारने वाले उस्ताद कहाँ हैं?" नारिंगी गाडी काचेमागे उभीच. मी रोज सकाळी तिच्यासमोरून जायचो आणि माझ्या पोटात आग पेटायची. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. हा माणूस काही वाचत नाही, आकडा बोलत नाही, आणि लोक त्याच्या मागे. मी वीस वर्षं वाचलेलं माझ्याच तोंडात सुकून चाललं होतं.

मग बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन इंदौरला ठरलं. मालकांनी गाडी दिली आणि वर उस्तादांनाही दिलं. मी नको म्हणालो. "अरे, बाप के साथ पीछे बैठ, गाडी उनको चलाने दे," मालक म्हणाले. बाबा पुढे बसायचा हट्ट करून पुढे बसले. मी चालवत असलो की बाबा कायम डॅशबोर्ड धरून बसत, उलटायला आलेल्या होडीत बसल्यासारखे. वाटेतलं सांवेर यायच्या आत त्यांची मान एका बाजूला कलली आणि ते घोरायला लागले. मी मागे बसून ते घोरणं ऐकत होतो. परतताना डोळ्यावर पट्टी असतानाही झोपले. घरी आल्यावर आईला म्हणाले, "काय माणूस आहे! त्यांच्याकडून शिकून घे म्हणावं याला."

बाबांनी माझ्याबद्दल कधी 'काय माणूस आहे' म्हटलेलं मला आठवत नाही.

हिवाळ्यात कंपनीनं पीथमपूरकडचा एक टेस्ट ट्रॅक दिवसभरासाठी घेतला. गिऱ्हाइकांना गाड्या पळवून बघायच्या होत्या. नारिंगी गाडीही ट्रकवर चढवून नेली. दुपारी गिऱ्हाइकं जेवायला मांडवात गेली तेव्हा मालक म्हणाले, स्टाफनंही एक-एक फेरी मारा, वेळ लावून. एक पांढरा बोर्ड उभा केला. मी कित्येक महिने घरी टीव्हीला स्टिअरिंग जोडून खेळत होतो, त्या दिवसाची वाटच बघत होतो. मी फेरी मारली. टायर किंचाळले, गाडी दोनदा मागून सुटली, मी सावरली. मालकांनी हातातलं स्टॉपवॉच बघून ओरडून सांगितलं, "एक सत्तावन!" स्टाफमध्ये माझ्या जवळपास कुणी नव्हतं. मालकांनी माझी पाठ थोपटली, स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं आणि पाहुण्यांकडे जाता जाता म्हणाले, "उस्ताद, आप भी मार लो एक चक्कर."

उस्तादांनी आधी खाली वाकून चाकापाशी नाक नेलं. "तू ब्रेक पार भाजलेस. दहा मिनिटं थांबू दे हिला." मग चपला काढल्या. एक फेरी सावकाश मारली, म्हणाले ही धरू नकोस, आणि मग खरी फेरी सुरू झाली.

मला वाटलं, हे हळू चालवत आहेत. टायरांचा आवाज नाही. वळणाला गाडी कलली तरी हळूच कलायची आणि हळूच सरळ व्हायची. ते ब्रेक माझ्याआधी लावत होते, आणि तरी वळणातून बाहेर येताना गाडी माझ्यापेक्षा वेगात असायची. हे कसं होतंय ते मला दिसत होतं आणि कळत नव्हतं. रेषेवरून गाडी गेली, मी बटण दाबलं.

एक मिनिट एकावन्न.

मी पुन्हा बघितलं. तेच. आजूबाजूला कुणी नव्हतं, बाकीचे मांडवाच्या सावलीत उभे होते. माझा अंगठा दुसऱ्या बटणावर गेला आणि आकडे शून्य झाले. तो मुद्दाम गेला की चुकून, हे मी पुष्कळ दिवस स्वतःला विचारत राहिलो. मुद्दाम गेला. मी बोर्डापाशी गेलो आणि त्यांच्या नावासमोर लिहिलं, दोन मिनिटं तीन.

ते अनवाणीच आले. बोर्डाकडे बघितलं.

"दोन-तीन?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ नाही, साधारण रस्ता ओलांडताना बघतो तेवढंच. मग चपला घालून म्हणाले, "ब्रेक चांगले आहेत हिचे."

मालक जेवून आले, बोर्ड वाचून ओरडले, "उस्ताद! ये एम्बुलेंस नहीं थी!" सगळे हसले. उस्तादही हसले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि सांगायला लाज वाटते, पण आनंदानं गेलं नाही.

पुढच्या महिन्यात मला मॅनेजरची कुर्सी मिळाली. शोरूमच्या भिंतीवर माझा हेल्मेट घातलेला फोटो लागला, खाली माझी वेळ. नारिंगी गाडी शेवटी गेली. घेणाऱ्यानं रेकॉर्डचं विचारलंसुद्धा नाही, त्याला तो रंग हवा होता. टेस्ट ड्राइव्ह कुणी द्यायची हे आता मी ठरवत होतो. मी उस्तादांना गाड्या सर्व्हिसिंगला पोचवण्याच्या कामावर टाकलं. ते गेले. तरी लोक येऊन त्यांनाच विचारायचे, आणि मी सांगायचो, ते बाहेर गेलेत. उस्ताद तक्रार करत नव्हते. फक्त त्यांनी मला सेकंदवाले म्हणणं सोडलं. ते मला 'साहेब' म्हणायला लागले. ते 'सेकंदवाले' परत यावं असं मला वाटेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

वर्षाच्या आतच त्यांनी गुडघ्यांचं कारण देऊन नोकरी सोडली. एका कागदावर त्यांची सही राहिली होती. कुणालाही पाठवता आलं असतं, पण मी स्वतः गेलो. राम घाटाच्या वरच्या अंगाला एका गल्लीत ते राहायचे. दार त्यांच्या बायकोनं, काकूंनी, उघडलं. मी नाव सांगितलं, शोरूमचं सांगितलं. त्या मला खालपासून वरपर्यंत बघत म्हणाल्या, "म्हणजे दोन-तीन लिहिणारे ते तुम्हीच का?"

आतून उस्तादांचा आवाज आला, "अगं, आत तर येऊ दे त्याला."

आत जाऊन बसलो. कागद तसाच हातात. पाणी प्यालो आणि म्हणालो, "उस्ताद, त्या दिवशी दोन-तीन नव्हती." त्यांना उस्ताद म्हणायची ती माझी पहिली वेळ, हे मला बोलून झाल्यावर कळलं.

"एकावन्न होती," ते म्हणाले. "एक-एकावन्न. एखादा सेकंद इकडेतिकडे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घड्याळाकडे कोण बघणार? मागून नातेवाईक विचारतात, किती राहिलं, किती राहिलं. मग मनात मोजायची सवय लागते. ती सुटत नाही."

"मग तिथेच का नाही बोललात?"

"घड्याळ तुझ्या हातात होतं ना, बाबा."

मी काहीतरी चुकीचंच बोललो. म्हणालो, "पण तुम्हीच म्हणायचात, असल्या फेऱ्यांना काही अर्थ नाही."

त्यांचा चेहरा पहिल्यांदा कडक झालेला बघितला. "गिऱ्हाइकाला काही अर्थ नाही, असं म्हणायचो. मला नाही, असं कधी म्हणालो?"

काकू दारातच उभ्या होत्या. "त्या दिवशी घरी येऊन तीनदा सांगितलं मला. एकावन्न, एकावन्न. मी म्हटलं, मग लोक काय म्हणाले? तर गप्प. जेवलेसुद्धा नाहीत नीट."

माझ्या कल्पनेत हा माणूस माझ्यासारखा नव्हता. त्याला काही नको होतं, म्हणूनच त्याला सगळं मिळत होतं, अशी मी समजूत करून घेतली होती. तोही घरी जाऊन तीनदा आकडा सांगतो, हे मला ऐकवेना. सही घेऊन मी उठलो. माफी मागितली. ते म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी मी मालकांना सांगितलं. ते आधी म्हणाले, "छोड यार, पुरानी बात है." मी म्हणालो, भिंतीवरचा माझा फोटो उतरवतो आहे. मग आठवडाभर ते माझ्याशी कामापुरतं बोलले, आणि त्यानंतर मॅनेजर म्हणून इंदौरहून दुसरा माणूस आला. मी पुन्हा सेल्समध्ये. बाबांना मीच सांगितलं. ते वर्तमानपत्राची घडी करून बराच वेळ ती हातात धरून बसले.

भिंतीवर माझ्या फोटोच्या जागी मी एक पाटी करून लावली. त्यांचं पूर्ण नाव, गाडीचं नाव, वेळ. त्यांना निरोप पाठवला, पण पुष्कळ दिवस ते आले नाहीत. मी वाट बघायचं सोडलं होतं तेव्हा एका सकाळी आले. बरोबर काकू, ठेवणीतली साडी नेसलेल्या. नव्या मॅनेजरनं त्यांना गिऱ्हाईक समजून पाणी दिलं. दोघं पाटीसमोर जाऊन उभी राहिली. मी टेबलापाशीच थांबलो.

मला वाटत होतं, खरं लिहिलं की माझ्या पोटातलं ते थांबेल. थांबलं नाही. ती दोघं तिथे खांद्याला खांदा लावून उभी होती, आणि माझा फोटो त्याच भिंतीवर इतके महिने होता तेव्हा मला कुणाला आणून तो दाखवावासा वाटला नव्हता. हे लक्षात आलं आणि मला त्यांचा इतका हेवा वाटला, जितका त्या ट्रॅकवरही वाटला नव्हता.

काकूंनी चष्मा लावून पाटी वाचली. "एक मिनिट एकावन्न सेकंद." मग वळून विचारलं, "एवढ्या मोठ्या गाडीला याचा काही उपयोग असतो का हो?"

"काही नाही," उस्ताद म्हणाले. "परत वाच."